अडलंय कुठे? अंगणवाडीच्या सेवा घराघरात पोचवणाऱ्या पालक स्वयंसेवकांसाठी

अंगणवाडी, आशाताई, नर्सबाई, लसीकरणाचा ठरलेला वार: महाराष्ट्रातल्या बहुतेक वस्त्यांत हे सगळं असतं. तरी त्याच वस्तीत आहार न मिळणारं, कधीच वजन न झालेलं, दोन वर्षांचं होऊनही एक शब्द न बोलणारं मूल सापडतं. चौकशी केली की कारण बहुधा फुटकळ निघतं. मोबाइल नंबर बंद पडलेला असतो, नाव गावाकडच्या अंगणवाडीत असतं, पैसे भलत्याच खात्यात गेलेले असतात, नाहीतर सासूबाईंनी 'तिकडचं काही खायला घालायचं नाही' म्हणून सांगितलेलं असतं. अशा घराला योजनांची यादी वाचून दाखवून काही होत नाही. त्या एका घरात नेमकं काय अडलंय ते शोधून तेवढंच सोडवायचं, हेच पालक स्वयंसेवकाचं काम.

माणसं कोण हवीत? ज्यांचं स्वतःचं मूल अंगणवाडीत आहे किंवा नुकतंच पहिलीत गेलंय अशा आया, आणि जमल्यास एक-दोन बापही. बऱ्याच गावांत 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या उपक्रमातून माता गट झालेले आहेत. तिथे नवा गट उभा करत बसू नका, त्यांनाच विचारा. एकेकाकडे १५ ते २० घरं पुरे. जास्त घेतली की फेऱ्या होतात, पाठपुरावा होत नाही.

तीन गोष्टी पहिल्याच बैठकीत पक्क्या करा. कुणाकडूनही पैसे घ्यायचे नाहीत, अगदी झेरॉक्सचेही. झेरॉक्स काढायला त्यांनाच सोबत न्यायचं. मूळ कागद रात्रभर आपल्या घरी ठेवायचा नाही. आणि ओटीपी स्वतः विचारायचा नाही, आला तर त्यांनीच टाकायचा. यातलं एक जरी मोडलं तरी लोक तुम्हाला एजंट समजतात आणि मग खरंच एजंटाचे दर विचारू लागतात.

आधी सेविकाताई, मग घरं

उत्साहाच्या भरात सगळे थेट दारोदार सुटतात. चार घरांतून तक्रारी गोळा होतात, त्या सेविकेच्या कानावर जातात आणि मग तुमच्या कुठल्याच कामाला ती हात लावत नाही. म्हणून पहिली भेट तिची. दुपारी मुलं घरी गेल्यावर जा. सकाळी तिच्यामागे हजेरी, आहार, ॲपमधली नोंद असं सगळं एकदम असतं. सेविका मानधनावर काम करते आणि तिच्याकडे अंगणवाडीबाहेरचीही कामं येतात, हे लक्षात ठेवूनच बोला.

तिला चार गोष्टी विचारायच्या: अंगणवाडीची हद्द कुठून कुठपर्यंत, आहार वाटपाचा दिवस कोणता, ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस महिन्यातल्या कुठल्या तारखेला असतो, आणि कुठली घरं तिच्या हाती लागत नाहीत. चौथ्या प्रश्नाला ती मोकळेपणाने बोलते, कारण ती घरं तिलाही छळत असतात. यादीतून सुटलेली घरं साधारण ठरलेली असतात. भाडेकरू, बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुली, बांधकामावरच्या खोल्या, माळावरची पालं, वीटभट्टी, आणि रस्त्याच्या पलीकडची ती चार घरं जी दोन अंगणवाड्यांच्या मधे पडतात.

भाडेकरूला 'तुमचं नाव गावाकडे आहे' असं सांगून परत पाठवलेलं असतं. नाव गावाकडे असलं तरी सेवा इथे मिळू शकते. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये लाभार्थी एका अंगणवाडीतून दुसरीकडे वर्ग करता येतो. गावच्या सेविकेचं नाव आणि फोन नंबर त्या कुटुंबाकडून घेऊन इथल्या सेविकेला द्या. दोघींचं फोनवर बोलणं झालं की काम होतं. अर्ज-विनंत्या करत बसलात तर महिना जातो.

दारात काय विचारायचं

'तुम्हाला योजनेचा लाभ मिळतो का?' असं विचारलं की उत्तर 'हो, मिळतो' असंच येतं. लोक ते सर्वेक्षण समजतात. त्यापेक्षा वस्तूबद्दल विचारा: 'ताई, बाळाचं कार्ड दाखवता का?' माता बाल संरक्षण कार्ड हातात आलं की निम्मी माहिती विचारावीच लागत नाही. शेवटची लस कुठली, वजनाचा आलेख कुठे थांबला, गरोदरपणात तपासण्या किती झाल्या, सगळं तिथेच दिसतं. कार्ड हरवलं असेल तर तीच पहिली अडचण. आशाताई किंवा उपकेंद्रातली सिस्टर नवीन करून देते. मधल्या नोंदी तिच्या रजिस्टरवरून भरून घ्या.

मग विचारा: 'गेल्या महिन्यात आहार कधी आणला? कोण गेलं होतं?' आणि शेवटी, 'मूल कसं आहे, काही खटकतंय का तुम्हाला?' हा प्रश्न आईला एकटीला विचारायचा. सासरे ओसरीवर बसलेले असताना ती 'सगळं बरंय' असंच म्हणणार.

वहीत पाच रकाने पुरतात: घर, मुलाची जन्मतारीख, काय अडलंय, पुढची पायरी कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत. वयाच्या ऐवजी जन्मतारीखच लिहा, कारण वय दर महिन्याला बदलतं. जात, आजार, नवरा-बायकोचं भांडण वहीत नको. वही कुणाच्याही हाती पडू शकते.

कागद: सगळ्यात जास्त वेळ इथे जातो

जन्माचा दाखला पहिला. नोंद जिथे जन्म झाला तिथे होते; आईवडील राहतात तिथे होत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात जन्मलेल्या बाळाचा दाखला लोक आपल्या ग्रामपंचायतीत मागत राहतात आणि 'आमच्याकडे नोंद नाही' ऐकून परत येतात. आधी डिस्चार्ज कार्डावरचं दवाखान्याचं नाव आणि गाव बघा. डिस्चार्ज कार्ड हाच दाखला, असंही पुष्कळांना वाटतं.

जन्मानंतर २१ दिवसांत नोंद झाली तर काही खर्च नाही. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यानंतर वर्षापर्यंत वरची परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. घरी बाळंतपण झालेलं घर दिसलं की म्हणूनच बाकी सगळं बाजूला ठेवून हे करा. नोंद मुलाच्या नावाविना झाली असली तरी वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो, शाळाप्रवेशालाही. दाखला हातात आल्यावर तिथेच उभं राहून आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख, स्पेलिंग तपासा. चूक तिथल्या तिथे दाखवली तर सोपं जातं. सहा वर्षांनी शाळेत कळली की प्रतिज्ञापत्रं सुरू.

नंतर आईचं नाव. आधारवर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच, हे घरोघरी आहे. सगळ्या कागदांवर एकच नाव करण्याच्या मागे लागलात तर बाळ शाळेत जाईल, काम संपायचं नाही. शिवाय आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. ज्या अर्जाला आधार लागतं, तिथे आधारवर जे आहे तेच अक्षर न् अक्षर लिहा आणि बँकेत तेवढं जुळवून घ्या.

आणि बँक. 'खात्याला आधार लिंक आहे' असं सगळ्याच सांगतात, कारण खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिलेली असते. तेवढ्याने सरकारी पैसे येत नाहीत. पैसे आधार क्रमांकावर निघतात आणि त्या क्रमांकाशी सर्वांत शेवटी ज्या बँकेने सीडिंग केलं, म्हणजे सरकारी पैशासाठी आधार खात्याला जोडलं, त्या खात्यात पडतात. अर्जावर लिहिलेला खाते क्रमांक काहीही असो. सिमकार्ड घेताना उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं, गावात लागलेल्या शिबिरातलं पोस्टाचं खातं, अशा विसरलेल्या ठिकाणी हप्ते जाऊन बसतात आणि बाई वर्षभर म्हणत राहते की मला काही मिळालंच नाही. माय आधार संकेतस्थळावर आईलाच तिच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायला सांगून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. तिथे बँकेचं नाव येतं. नकोशी बँक दिसली तर हव्या त्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरायचा, काही दिवसांनी पुन्हा स्टेटस बघायचं, आणि मगच योजनेचा अर्ज करायचा. उलट क्रमाने केलं की पैसे जुन्याच खात्यात जातात.

आहार

सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांना घरी न्यायचा आहार मिळतो, ज्याला सगळे टीएचआर म्हणतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत सकाळची न्याहारी आणि गरम ताजा आहार. हा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ खालचा हक्क आहे. तो रेशनकार्डाच्या रंगावर ठरत नाही. आदिवासी भागात याशिवाय डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण, आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडी किंवा केळी असतात.

टीएचआर घेताना आता चेहरा पडताळणी होते आणि नोंदणीला आधार व चालू मोबाइल लागतो. मोबाइल नवऱ्याच्या खिशात, नवरा कामावर, ओटीपी तिकडे. यावर उपाय एकच: वाटपाच्या आदल्या संध्याकाळी सेविकेला घरी नाहीतर अंगणवाडीत गाठून पडताळणी उरकून घ्यायची. लहान मुलाचं स्वतःचं आधार नाही म्हणून आहार अडवता येत नाही, आईच्या आधारवर नोंद होते. पाच वर्षांखालच्या मुलाचं निळं बाल आधार बोटांचे ठसे न घेता निघतं, सवडीने काढा.

पाकीट घरी जातं, पण पोटात जाईलच असं नाही. चव आवडत नाही म्हणून शेळीला घालतात, किंवा एका वेळी सगळ्यांना पुरेल एवढं शिजवून दोन दिवसांत संपवतात. इथे भाषण नको, चूल पेटवा. त्यांच्याच घरात, त्यांच्याच वाटीने एका मुलापुरतं मोजून, हवं तर थोडा गूळ किंवा फोडणी घालून करून दाखवा, आणि मूल खातं का ते बसून बघा. त्याच बैठकीत सासूबाईंनाही वाटी द्या.

पैशाच्या दोन योजना

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात: गरोदरपणाची वेळेत नोंदणी आणि तपासणी झाल्यावर ३,०००, आणि जन्मनोंद व साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर २,०००. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकरकमी. नवऱ्याचं आधार सक्तीचं नाही. एकट्या आईला 'नवऱ्याचा कागद आणा' म्हणून परत पाठवलं तर हे सांगा. जन्मानंतर २७० दिवसांच्या आत अर्ज हवा. दुसरा हप्ता बहुतेक वेळा चौदाव्या आठवड्याची लस चुकल्याने अडतो, म्हणून कार्डावरची ती तारीख आधीच वहीत उतरवा.

पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड, उत्पन्न एक लाखाच्या आत आणि १ एप्रिल २०२३ ला किंवा नंतर जन्मलेली मुलगी असेल तर लेक लाडकी योजना: जन्मानंतर ५,०००, मग पहिली, सहावी, अकरावीत टप्प्याटप्प्याने, १८ पूर्ण झाल्यावर ७५,०००, एकूण १,०१,०००. अर्ज सेविकेकडेच. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून यायला वेळ लागतो, तो आधी टाकून ठेवा.

वजन आणि दंडाची पट्टी

वजन दर महिन्याला अंगणवाडीतच व्हायला हवं. तुम्ही काटा घेऊन फिरू नका. दंडाची पट्टी, म्हणजे दंडाचा घेर मोजायची रंगीत फीत, मात्र शिकून घ्यायला हरकत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा हात, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधली जागा, हात सैल सोडलेला. पट्टी कातडीला टेकली पाहिजे पण रुतता कामा नये. मूल रडत असेल तर दंड ताठ होतो आणि माप चुकतं, थांबा. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, ११.५ ते १२.५ पिवळं. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून खड्डा राहतोय का तेही बघा. सूज असेल तर पट्टी हिरवी दाखवत असली तरी त्याच दिवशी डॉक्टर.

माप लाल आलं की आईला 'कुपोषित' हा शब्द ऐकवू नका. गल्लीत तो पसरतो आणि मूल अंगणवाडीत यायचं बंद होतं. 'सिस्टरला दाखवून घेऊ' एवढं पुरे. गुंतागुंत नसलेल्या मुलांना गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात खाऊपिऊ घालून सुधारतात. शहरात नागरी बाल विकास केंद्र. ताप, सूज, किंवा खाणंच सोडलेलं मूल पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करावं लागतं, साधारण १४ दिवस. आई नको म्हणते ती बाळासाठी नव्हे. घरी दुसरं पोर, म्हातारी, शेरडं, बुडणारी मजुरी, हे तिच्या डोळ्यांसमोर असतं. बुडीत मजुरी मिळते हे सांगा, पण ती नंतर मिळते. दुसऱ्या पोराला रोज कोण बघणार याची सोय आधी करा. शेजारणीशी बोलून नावं ठरवा, मगच आईशी भरतीचं बोला. घरी सोडल्यावर दर १५ दिवसांनी तपासणीला बोलावतात. सगळ्यात जास्त गळती तिथे होते, कारण मूल तेव्हा बरं दिसत असतं.

मूल बोलत नाही, चालत नाही

'बापही उशिराच बोलला होता' या एका वाक्याने पुष्कळ मुलांची दोन-तीन वर्षं गेली आहेत. चार-पाच महिन्यांना मान धरत नाही, दहा महिन्यांना आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाला चालत नाही किंवा एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, येत होतं ते विसरायला लागलं: यातलं काहीही दिसलं तर तपासणी. तुम्ही निदान करायचं नाही, आजाराचं नाव घ्यायचं नाही. आईला विचारा, 'मागून टाळी वाजवली तर बघतो का हो हा?' तिने स्वतः करून बघितलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. अडचण अशी की ज्या मुलात काही वेगळं आहे तेच मूल त्या दिवशी घरी ठेवलेलं असतं. तारीख आधी मिळवा आणि त्या दोन-तीन घरी सकाळी स्वतः जा. पुढच्या पथकाला सहा महिने असतील तर वाट बघू नका; प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र, गाठा. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, कान-वाचा तज्ज्ञ, मानसतज्ज्ञ तिथे एका छताखाली असायला हवेत, तरी कोण कुठल्या वारी बसतं ते फोन करून विचारूनच निघा. वाकडं पाऊल घेऊन जन्मलेल्या बाळाला तर पहिल्या काही आठवड्यांतच न्या. प्लास्टर जितकं लवकर सुरू होईल तितकं सोपं.

पहिल्या फेरीला सोबत जा. केसपेपर कुठे काढायचा, कुठल्या खिडकीवर शिक्का, कुठल्या मजल्यावर खोली, हे एकदा दाखवलं की दुसऱ्यांदा आई एकटी जाते. एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, तरी दर आठवड्याला दिवस बुडवणं कुणालाच जमत नाही. म्हणून घरी करायचे व्यायाम तिथल्या थेरपिस्टच्या परवानगीने आईच्याच फोनवर चित्रित करून घ्या आणि दर किती दिवसांनी यायचं हे स्पष्ट विचारून घ्या.

निदान झालं आणि अपंगत्व असेल तर स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा आणि ओळखपत्राचा अर्ज. लहान मुलांना बहुधा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं; मुदत संपायची तारीख वहीत हवी. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असलेल्यांना निरामय विमा योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळू शकतो. आणि अंगणवाडीतली जागा कायम राहते: अशा मुलांना कसं सामावून घ्यायचं याची केंद्राची मार्गदर्शिका नोव्हेंबर २०२३ मध्ये आली आहे. 'याला सांभाळायला माणूस नाही' असं उत्तर आलं तर ती मार्गदर्शिका मुख्यसेविकेपुढे, म्हणजे सेविकांवर देखरेख करणाऱ्या बाईंपुढे, ठेवा.

कोयत्यावर जाणारी घरं

दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात परततात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात बाळाच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आईच्या आणि तुमच्या फोनमध्ये, चालू महिन्याचा आहार हातात, कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा नंबर सेविकेकडे, एवढं झालं पाहिजे. लस चुकली असली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेल्या डोसपासून पुढे जायचं. हे न कळल्याने 'आता उशीर झाला' म्हणून पुष्कळजणी जातच नाहीत. तिथल्या अड्ड्याजवळच्या, म्हणजे टोळी उतरते त्या जागेजवळच्या, अंगणवाडीचा किंवा आशाताईचा नंबर इथल्या सेविकेने मिळवला तर उत्तमच. नाहीतर पोचल्यावर फोन करायला सांगा आणि चार दिवसांत आला नाही तर तुम्ही करा.

तरीही अडलं तर

आधी सेविकेशी, मग मुख्यसेविकेशी बोलणं. मुख्यसेविका तिच्या बीटमध्ये, म्हणजे तिच्याकडच्या अंगणवाड्यांच्या गटात, ठरलेल्या दिवशी येते, तेव्हा प्रत्यक्ष भेटा. तिथेही न सुटल्यास बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी अर्ज, त्यानंतर जिल्हा परिषदेचा महिला व बालविकास विभाग. अर्ज एका पानाचा, एकाच विषयाचा. 'आहार नीट मिळत नाही' असं मोघम लिहिलेल्या अर्जाला 'चौकशी केली, तथ्य आढळले नाही' असं उत्तर ठरलेलं. त्याऐवजी कोणती अंगणवाडी, किती मुलं, कोणत्या महिन्यापासून, कोणता आहार, आणि तुम्हाला काय हवं. सेविकेवर आरोप नकोत. बऱ्याचदा वरूनच पुरवठा आलेला नसतो आणि ती स्वतः अर्जाखाली सही करायला तयार होते. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. कायद्याने ठरलेला आहार दिला गेला नाही तर अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद आहे, त्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत करा.

वस्तीला अंगणवाडीच नसेल तर सहा वर्षांखालच्या मुलांची नाव-जन्मतारखेसह यादी करा. अशी ४० मुलं भरली तर मागणीवर अंगणवाडी मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात मान्य केला आहे, आणि मागणीपासून तीन महिन्यांची मुदतही त्यात घातली आहे. ग्रामसभेचा ठराव जोडा, यादीवर पालकांच्या सह्या घ्या, आणि अर्ज दिल्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.